कच्चं करकरीत, शिजल्यावर गिचका

माझा पहिला ॲपल पाय, म्हणजे पिठाच्या कवचात भाजलेल्या सफरचंदाच्या फोडी, दिसायला झकास झाला होता. वरचं कवच खरपूस, घुमटासारखं फुगलेलं. सुरी घातली आणि घुमट आत कोसळला, कारण त्याच्या खाली काही नव्हतंच. दोन बोटं पोकळी आणि तळाशी पातळ पाण्यात बुडालेला सफरचंदाचा लगदा. राग याचा आला की सफरचंदं मी मुद्दाम पारखून घेतली होती. एकेक फोड चाखून, दाताखाली कचकन तुटणारी. कडक फळ शिजल्यावरही कडक राहणार, हा हिशोब इतका सरळ होता की त्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही.

पुढच्या वेळी घरात उरलेली गोल्डन डिलिशस वापरली. पिवळी पडलेली, चावायला जराशी मऊच. म्हटलं, होऊन होऊन काय होईल, पुन्हा लगदा होईल. फोडी जशा रचल्या होत्या तशाच्या तशा निघाल्या.

मग लक्षात आलं की हिशोबाची सुरुवातच चुकली होती. कच्चं सफरचंद ज्याच्यामुळे करकरीत लागतं ती गोष्ट वेगळी, आणि शिजलेली फोड ज्याच्या जोरावर उभी राहते ती गोष्ट वेगळी. पहिली गोष्ट भांडं तापलं की काही मिनिटांत संपते. नंतरचा सगळा खेळ दुसरीचा, आणि ती चाखून कळत नाही.

पाण्याचे फुगे आणि डिंक

सफरचंदाचा गर म्हणजे पाण्याने टम्म भरलेल्या असंख्य इवल्या फुग्यांचा ढीग समजा. एकेक फुगा म्हणजे एकेक पेशी. फुग्याला दोन आवरणं आहेत. आतला पडदा अगदी तलम, तो पाणी धरून ठेवतो. बाहेरची भिंत चिवट, ती फुगण्याला आवर घालते. आतलं पाणी भिंतीवर सतत रेटा देत असतं, हवा ठासून भरलेल्या सायकलच्या चाकासारखा. आपण चावतो तेव्हा या ताणलेल्या भिंती फटाफट फुटतात, रस उडतो, आणि जो ‘कच्च’ असा आवाज येतो तो या फुटण्याचा असतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली आणलेलं हनीक्रिस्प याच गुणावर जगभर गाजलं. त्याच्या पेशी इतर सफरचंदांपेक्षा मोठ्या असतात आणि चावल्यावर त्या एकमेकींपासून सुटत नाहीत, थेट फुटतात. त्यामुळे तोंडात एकदम रस येतो.

आता हे फुगे आचेवर ठेवा. फोडीच्या आतलं तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो तलम पडदा निकामी होतो. पाणी धरून ठेवणारं कोणी उरत नाही, रस भिंतीतून पाझरायला लागतो आणि रेटा संपतो. फोड मान टाकते. अजून ती शिजलेली नसते, मोडतही नाही, पण दोन बोटांत धरून वाकवली तर वाकते. करकरीतपणा गेला. तो कितीही होता तरी गेला. सगळ्यात कडक सफरचंदाचाही आणि सगळ्यात नरम सफरचंदाचाही, जवळपास एकाच तापमानाला.

म्हणजे इथून पुढे सगळी सफरचंदं एका रेषेत उभी आहेत, आणि आता प्रश्न फुग्यांचा नाही, फुग्यांना एकमेकांशी चिकटवणाऱ्या डिंकाचा आहे.

हा डिंक म्हणजे पेक्टिन. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोठलेलं, घट्ट झालेलं असा आहे, कारण जेली घट्ट होते ती याच्याचमुळे. पेक्टिनच्या लांबच लांब साखळ्या पेशींच्या भिंतींमध्ये असतात आणि दोन पेशींच्या मधल्या थरात तर मुख्यतः त्याच असतात. या साखळ्या शेजारीशेजारी ठेवल्या म्हणून काही घट्ट धरत नाहीत. त्यांना अधूनमधून टाका घालावा लागतो, आणि तो टाका कॅल्शियम घालतं. सफरचंदात कॅल्शियम तसं फारच कमी, १०० ग्रॅममध्ये जेमतेम ५-६ मिलिग्रॅम. पण तेवढ्यावर फळाची घडी बसलेली असते. बागायतदार झाडावरच्या फळांवर कॅल्शियमची फवारणी करतात आणि डबाबंद फोडींचे कारखाने कॅल्शियमचे क्षार वापरतात, ते याच टाक्यांसाठी.

तापमान ८० अंशांच्या पुढे गेलं की पेक्टिनच्या साखळ्या भराभर तुटून रसात विरघळायला लागतात. डिंक सुटला की पेशी एकमेकींपासून मोकळ्या होतात. लगदा म्हणतो तो हाच: पेशी फारशा फुटलेल्या नसतात, फक्त विखुरलेल्या असतात. चांगल्या सफरचंदाचा शिजलेला गर जिभेवर किंचित रवाळ लागतो, त्यातला प्रत्येक रवा म्हणजे सुटी झालेली पेशी किंवा पेशींचा पुंजका.

तर कोणतं सफरचंद शिजून टिकेल हे ठरतं डिंक किती आहे, तो किती घट्ट विणलेला आहे आणि उष्णतेला किती वेळ दाद देत नाही यावर. कच्ची फोड चावताना या डिंकाची परीक्षा होतच नाही. तिथे फुग्यातल्या पाण्याचा रेटाच सगळं श्रेय घेऊन जातो.

पोकळी कुठून आली?

माझ्या पायमधल्या त्या दोन बोटांच्या पोकळीचा गुन्हेगार मात्र डिंक नव्हता, निदान एकटा नव्हता. सफरचंद पाण्यात टाका, तरंगतं. बटाटा बुडतो. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा हवा असते, पेशींच्या मधल्या फटींमध्ये अडकलेली. कच्चा गर पांढरट दिसतो तोही या हवेमुळेच, कारण प्रकाश तिच्यावर आपटून इकडेतिकडे विखुरतो. शिजताना ही हवा निसटते, तिची जागा रस घेतो आणि फोड काचेसारखी पारदर्शक व्हायला लागते. फोडी शिजत आल्याची ही सगळ्यात सोपी खूण. घड्याळ बघायची गरज नाही.

पण चौथा हिस्सा हवा गेली आणि वर पाणीही पाझरलं, तर फोड आक्रसणारच. वरचं कवच मात्र तोवर भाजून कडक झालेलं असतं, ते काही फोडींसोबत खाली बसत नाही. म्हणून घुमट. यावरचा उपाय थोडा पुढे सांगतो, कारण त्यात आणखी एक गंमत दडली आहे.

अख्खं सफरचंद भाजताना हीच हवा आणि वाफ उलटा त्रास देते. साल चिवट आणि मेणाचा थर असलेली, त्यामुळे आत कोंडलेली वाफ एखाद्या ठिकाणी साल फाडून बाहेर येते आणि फळ एका अंगाला फुटतं. भाजण्याआधी मधोमध, फळाच्या कमरेभोवती सुरीच्या टोकाने सालीला एक उथळ चीर द्यावी. मग साल तिथेच उकलते आणि टोपी उचलल्यासारखा वरचा भाग वर सरकतो.

आंबट तितकं टिकाऊ? अर्धं खरं

शिजवायला आंबट सफरचंद घ्या, गोड सफरचंद कच्चं खा, हा नियम तुम्हीही ऐकला असेल. त्यामागे कारण आहे. पेक्टिनच्या साखळ्या आम्लाच्या एका ठरावीक पट्ट्यात, साधारण पीएच ३ ते ४ च्या दरम्यान (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट), सगळ्यात चिवट असतात. आम्ल कमी झालं, पीएच वर सरकला, की त्या लवकर तुटतात. कडधान्य शिजत आलेलं नसताना त्यात आंबट घातलं तर ते दडदडीत राहतं, त्याचं कारणही हेच. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं सफरचंद या नियमाचं आदर्श उदाहरण. आंबटढाण, आणि शिजल्यावर फोडीच्या कडा बऱ्याच वेळ शाबूत.

मग ब्रॅमली समोर येतं आणि नियमाची दांडी गुल होते.

ब्रॅमली हे खास शिजवण्यासाठी वाढवलं जाणारं इंग्लिश सफरचंद. १८०९ साली नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने लावलेल्या बीतून त्याचं पहिलं झाड आलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेच्या मालकाने कलमं करायची परवानगी मागितली, तेव्हा ब्रॅमलींनी अट घातली की सफरचंदाला माझं नाव द्यायचं. बी लावणाऱ्या मुलीचं नाव राहून गेलं, आणि ज्याने झाडासोबतचं घर तेवढं विकत घेतलं त्याचं नाव जगभर झालं. असो.

ब्रॅमली इतकं आंबट असतं की कच्चं खाताना डोळे मिटतात. सफरचंदाला आंबट करणाऱ्या मॅलिक आम्लाचं प्रमाण नेहमीच्या खायच्या सफरचंदांच्या दुप्पट सहज भरेल. नियमाप्रमाणे ते दगडासारखं टिकायला हवं. प्रत्यक्षात दहा मिनिटांत त्याचा हलका, फेसाळ, मऊशार गर होतो. एक फोड शिल्लक राहत नाही. आणि लोकांना ते आवडतं ते नेमकं यासाठीच.

म्हणजे आम्ल ही एकच चावी नाही. डिंक सफरचंदाच्या जातीनुसार वेगळा असतो: साखळ्या किती लांब, त्यांना फाटे किती, कॅल्शियम धरायला मोकळ्या जागा किती. पेशी केवढ्या आणि त्यांच्या मधल्या फटी किती रुंद, म्हणजेच पेशी एकमेकींना किती ठिकाणी टेकल्या आहेत, यानेही फरक पडतो. आम्ल डिंकाला टिकायला मदत करतं हे खरं, पण डिंकच जेमतेम लावलेला असेल तर आम्ल तरी काय करणार? आंबटपणा चवीसाठी निवडावा. आकारासाठी जात निवडावी.

आणि जात निवडता येते, कारण सफरचंदाची जात म्हणजे कलमांची साखळी. बी लावली तर प्रत्येक झाड वेगळं निपजतं. म्हणून जगातलं प्रत्येक ब्रॅमलीचं झाड त्या एका झाडाचाच तुकडा आहे, आणि गोल्डन डिलिशसचं तसंच. स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही.

एकाच भांड्यात चार जाती

मी एकदा चार जाती एकत्र शिजवून पाहिल्या: मॅकिन्टॉश, ग्रॅनी स्मिथ, गोल्डन डिलिशस आणि फुजी. प्रत्येकाच्या सोललेल्या फोडी, साधारण अंगठ्याएवढ्या जाड. ओळखू याव्यात म्हणून पहिल्या जातीच्या फोडीत एक दात-कोरणी काडी खुपसली, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीला काडी नाही. पसरट पातेल्यात एका थरात रचल्या, दोन चमचे पाणी, झाकण, मंद आच.

पहिली चार-पाच मिनिटं काही कळत नाही. मग सगळ्याच फोडींच्या कडा पारदर्शक होऊ लागल्या. काट्याने उचलून पाहिल्या तर चारही लवचिक झाल्या होत्या, कच्चेपणी त्यात कोण जास्त कडक होतं हे आता ओळखता आलं नसतं. सातव्या-आठव्या मिनिटाला मॅकिन्टॉशचे कोपरे गोलसर झाले, बाजूंना बारीक तडे गेले. दहाव्या मिनिटाला झाकण काढलं तर त्याची काडी आडवी पडलेली, आणि तिच्याभोवती गुळगुळीत गर. फोड दिसायला होती, पण चमचा लावताच पसरली. ग्रॅनी स्मिथ बाहेरून सुटायला लागलं होतं, आतून घट्ट. गोल्डन डिलिशस आरपार काचेसारखं झालं होतं, चमच्याने कापलं तर लोण्यासारखं कापलं जात होतं, पण आकार जागच्या जागी. आणि फुजी अजून चावायला लागत होतं.

मॅकिन्टॉश आणि ब्रॅमली, दोन्ही पटकन विरघळणारी, पण दोघांचा गर सारखा नसतो. मॅकिन्टॉशचा गुळगुळीत, ब्रॅमलीचा फुललेला. (योगायोग असा की मॅकिन्टॉशही त्याच काळातलं. जॉन मॅकिन्टॉश या शेतकऱ्याला त्याची रोपं कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये १८११ साली सापडली.) ब्रेबर्न आणि पिंक लेडी या नावाने विकली जाणारी क्रिप्स पिंक ही जात टिकणाऱ्यांच्या बाकावर बसते. गाला मधल्या बाकावरचं, लक्ष ठेवलं तर ठीक, विसरलात तर मऊ. रेड डिलिशस शिजवण्याच्या फंदात मी पडत नाही. साल चामड्यासारखी, आम्ल कमी, शिजल्यावर ना आकार ना चव.

तेच सफरचंद, तीन महिन्यांनी

इथे एक पाचर आहे. वरची यादी भिंतीवर चिकटवून तुम्ही निश्चिंत झालात, तर तीच जात एखाद्या दिवशी तोंडघशी पाडेल. कारण तोडणीनंतरही सफरचंद जिवंत असतं. ते श्वास घेतं, आणि श्वासासाठी इंधन म्हणून साखर आणि मॅलिक आम्ल जाळतं. म्हणून जुनं सफरचंद गोड लागतं. साखर वाढलेली नसते, आंबटपणा ओसरलेला असतो.

पिकण्याची सूत्रं इथिलीन या वायूच्या हाती असतात, आणि तो फळ स्वतःच सोडतं. इथिलीनचा इशारा मिळाला की फळातली एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, कामाला लागतात आणि पेक्टिनचा डिंक आतूनच कुरतडू लागतात. म्हणजे आच करते तेच काम, फक्त फार सावकाश आणि थंडीत. पिठूळ झालेलं सफरचंद आठवा, चावल्यावर रस न येता तोंडात कोरडा भुगा होतो ते. रस गेलेला नसतोच. डिंक इतका सैल झालेला असतो की चावल्यावर पेशी फुटत नाहीत, नुसत्या घसरून एकमेकींपासून सुटतात आणि रस त्यांच्या पोटातच राहतो. असं फळ अर्धं शिजलेलंच समजा. त्याचा गर करा, फोडींची अपेक्षा धरू नका.

कच्चेपणी तोडलेल्या फळात उलट परिस्थिती. त्यात अजून पिष्ट असतं, जे पुढे साखर होणार असतं. बागेत तोडणीचा मुहूर्त ठरवायला फळ आडवं कापून त्यावर आयोडीन लावतात. पिष्ट असेल तिथे निळंकाळं होतं, साखर झाली असेल तिथे रंग चढत नाही. आणि पेक्टिनचं म्हणाल तर अर्धकच्च्या फळात ते शाबूत असतं, म्हणूनच जेलीसाठी अशी फळं शोधतात.

फळ महिनोन्‌महिने टिकवायची विद्याही याच श्वासावर बेतलेली आहे. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी दाखवलं की साठवणीच्या खोलीतला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला, वर थंडी असली, की फळाचा श्वास मंदावतो. आजची मोठी शीतगृहं तेच तत्त्व वापरतात. त्यामुळे बाहेरून दोन सफरचंदं अगदी सारखी दिसतील, आणि एक गेल्या आठवड्यात झाडावर असेल, दुसरं गेल्या हंगामात.

६० अंशांची गंमत

आता तो राखून ठेवलेला उपाय. फळात पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. नाव जिभेला जड आहे, काम सोपं आहे. पेक्टिनच्या साखळीवर जागोजागी मिथाइलच्या टोप्या बसवलेल्या असतात, हे एन्झाइम त्या टोप्या उडवतं. टोपी गेली की तिथे ऋणभार उघडा पडतो, आणि कॅल्शियमला टाका घालायला नेमकी अशीच जागा हवी असते. जास्त टाके म्हणजे जास्त घट्ट डिंक. शिवाय टोप्या गेलेली साखळी पुढे उष्णतेनेही सहजी तुटत नाही.

हे एन्झाइम सगळ्यात जोमात असतं साधारण ५५ ते ६५ अंशांना. म्हणजे ज्या तापमानाला पेशींचे पडदे निकामी होऊन आतला सगळा माल एकमेकांत मिसळायला लागतो, अगदी तिथेच. तापमान आणखी वर गेलं, की एन्झाइम स्वतःच मरतं.

म्हणून फोडी एकदम मोठ्या आचेवर टाकल्या तर त्या हा टप्पा धावत ओलांडतात आणि एन्झाइमला काही करायला वेळच मिळत नाही. त्याऐवजी त्यांना या पट्ट्यात दहा-पंधरा मिनिटं रेंगाळू द्या. पुढे तासभर भाजल्या तरी त्या उभ्या राहतात. शिजवून ठेवलेलं पुन्हा शिजवताना जास्त टिकतं, हे कानाला विचित्र वाटतं, पण गाजर, बटाटा, घेवडा यांच्यावरही हाच प्रयोग चालतो.

घरी तापमापक हवाच असं नाही. सोललेल्या फोडी खोलगट भांड्यात घ्या, त्या बुडतील इतकं उकळतं पाणी ओता, झाकून दहा मिनिटं तसंच ठेवा. गार फोडींमुळे पाणी लगेच निवतं आणि हव्या त्या टापूत येतं. मग निथळून घ्या. दुसरा रस्ता, साखर लावून जाड बुडाच्या भांड्यात झाकण घालून अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. फोड वाकली पाहिजे, तुटता कामा नये, आणि रसाला उकळी फुटू द्यायची नाही. माझ्या घरात ही दुसरी पद्धत रुळली, कारण सुटलेला रस वाया जात नाही, आटवून परत घालता येतो. आणि घुमटाचा प्रश्नही मिटतो: हवा आणि जास्तीचं पाणी कवच चढण्याआधीच निघून गेलेलं असतं. मात्र फोडी कवचात भरण्याआधी पूर्ण गार करा, नाहीतर पिठातलं लोणी वितळतं. हे सांगतो कारण ही चूकही करून झाली आहे.

ब्रॅमली, मॅकिन्टॉशच्या बाबतीत या युक्तीने थोडा फरक पडतो, चमत्कार होत नाही. तिथे गरच करावा.

साखर, लिंबू, सोडा

साखर कधी घालायची, यावर पदार्थ ठरतो. सुरुवातीलाच घातली तर ती फोडीतलं पाणी ओढून घेते, म्हणजेच पाणी सुटतं. पेक्टिनला विरघळायला लागणारं पाणीही ती अडवून धरते. फोडी आक्रसतात, पण घट्ट राहतात. पाकात शिजवलेली फोड नुसत्या पाण्यातल्या फोडीपेक्षा उशिरा मऊ होते ती यामुळे. उलट गर करायचा असेल तर साखरेचा डबा दूर ठेवा. सफरचंद पुरतं विरघळल्यावरच ती घाला, नाहीतर न विरघळलेल्या गाठी घोटत बसाल.

लिंबाचा रस सुरुवातीला घातला तर पीएच खाली येतो आणि फोडींना बळ मिळतं. चिरलेल्या फोडी काळ्या पडण्यावरही त्याचाच उपयोग. तिथे आणखी एक एन्झाइम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फळातल्या पॉलिफेनॉल नावाच्या तुरट द्रव्यांचं तपकिरी रंगात रूपांतर करतं. आम्लात ते थंडावतं आणि पुरेसं तापवलं की मरतं, म्हणून शिजलेली फोड पुढे तशी काळवंडत नाही. खाण्याचा सोडा लिंबाच्या बरोबर उलट वागतो, चिमूटभर पडला तरी डिंक लवकर सुटतो आणि रंगही मळतो. लोखंडी तव्यात किंवा कढईत आंबट सफरचंद फार वेळ ठेवू नये. आम्ल लोह सोडवतं, लोह पॉलिफेनॉलशी मिळतं, आणि गर करडा होऊन धातूची चव लागते. स्टीलचं भांडं बरं.

गर गुलाबी हवा असेल तर लाल सफरचंदं सालीसकट शिजवून मग गाळा. सालीतला लाल रंग आम्लात टिकतो आणि गरात उतरतो. साल आणि गाभा यांच्यात पेक्टिनही भरपूर असतं, म्हणून जेलीला ते टाकायचे नसतात. विरघळलेला डिंक, पुरेसं आम्ल आणि वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत साखर, असं तिहेरी जमलं की जो डिंक फोडींना सोडून गेला तोच भांड्यातल्या रसाला घट्ट करतो.

आणि चव?

कच्च्या सफरचंदाचा वास मुख्यतः एस्टर नावाच्या हलक्या, उडून जाणाऱ्या रेणूंचा असतो. झाकण उघडल्यावर घरभर जो घमघमाट सुटतो, तो भांड्यातून निघून चाललेला असतो. म्हणून नाजूक वासाचं, गोड, कमी आंबट सफरचंद शिजल्यावर अळणी वाटतं, त्याच्याकडे वास सोडून फारसं काही नव्हतंच. मॅलिक आम्ल उडून जात नाही. कार्ल विल्हेल्म शेले याने ते १७८५ साली सफरचंदाच्या रसातूनच वेगळं काढलं होतं, आणि आंबट सफरचंदात तासभर शिजवल्यावरही ते तिथेच असतं. शिवाय उष्णता आणि आम्ल मिळून एक नवा वास घडवतात. फळात साखरेशी बांधून ठेवलेले काही रेणू सुटे होतात आणि त्यांच्यापासून डॅमासेनोन तयार होतं. कच्च्या फळात न येणारा, मधासारखा, जरासा गुलाबाकडे झुकणारा तो ‘शिजलेल्या सफरचंदाचा’ वास बराचसा याचा. मी म्हणून भांड्यात नेहमी दोन जाती मिसळतो, एक आकारासाठी आणि एक आंबट, विरघळणारी, जी फोडींच्या भोवती रस्सा होते.

शेवटी चाखण्याबद्दल. सफरचंदाच्या साखरेत अर्ध्याहून जास्त वाटा फ्रुक्टोजचा असतो, आणि फ्रुक्टोज गरम असताना कमी गोड लागतं. तापल्यावर त्याच्या रेणूंची ठेवण बदलते आणि सगळ्यात गोड ठेवणीतले रेणू कमी होतात, निवल्यावर ते परत येतात. वाफाळता गर चमच्याने चाखून ‘साखर कमी पडली’ म्हणत आणखी दोन चमचे घालणं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढल्यावर तोच गर घशात बसेल इतका गोड लागणं, हे माझ्याकडून इतक्यांदा झालं आहे की आता एक चमचा गर बशीत पसरतो, बशी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो, आणि मगच साखरेच्या डब्याला हात लावतो.